शके १५१९ म्हणजे कोणतं साल?

मुलांनो, आज कागद-पेन्सिल घेऊनच वाचायला बसा. थोडी गणितं करायची आहेत. घाबरू नका, बहुतेक बेरीज-वजाबाकीचीच आहेत. पण त्यात एक मेख आहे.

पहिलं गणित सिंदखेडराजाचं. बुलढाणा जिल्ह्यातलं हे गाव म्हणजे जिजाऊंचं जन्मगाव. लखुजीराव जाधवांच्या वाड्यात त्यांचा जन्म झाला, तो पौष पौर्णिमेला, शके १५१९ मध्ये. दरवर्षी १२ जानेवारीला इथे माणसांचा पूर लोटतो, कारण इंग्रजी तारीख धरतात १२ जानेवारी १५९८. आता १५९८ मधून १५१९ वजा करा. किती उरले? ७९.

दुसरं गणित शेगावचं. गजानन महाराजांनी समाधी घेतली ती ऋषिपंचमीला, शके १८३२ मध्ये. तारीख होती ८ सप्टेंबर १९१०. करा वजाबाकी. उत्तर येतं ७८!

एकच जिल्हा, दोन्हीकडे शकच, मग एका ठिकाणी ७९ आणि दुसऱ्या ठिकाणी ७८ कसे? छापणाऱ्याची चूक? नाही. दोन्ही उत्तरं अगदी बरोबर आहेत.

कसं ते बघा. आपलं शकाचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं आणि इंग्रजी वर्ष १ जानेवारीला. शके १५१९ चा पाडवा आला तेव्हा इंग्रजी साल होतं १५९७. तेव्हापासून ३१ डिसेंबरपर्यंत फरक ७८ चा. मग इंग्रजी साल बदलून १५९८ झालं, पण शक अजून १५१९ च! पुढचा पाडवा येईपर्यंत तो बदलणार नाही. पौष पौर्णिमा पडते जानेवारीच्या आसपास, म्हणजे नेमकी या मधल्या पट्ट्यात. म्हणून ७९ मिळवायचे. ऋषिपंचमी येते ऑगस्ट-सप्टेंबरात, म्हणून ७८. तेव्हा जुन्या देवळावर नुसतं ‘शके १६५०’ दिसलं आणि महिना नसला, तर शहाणा अभ्यासक ‘१७२८-२९’ असं जोडसाल लिहितो. ती आडवी रेघ उगीच नसते, बरं का.

आकाशवाणीवर आणि सरकारी पत्रांवर जो ‘भारतीय सौर’ दिनांक असतो, तोही शकच, पण वेगळा. मेघनाद साहा यांच्या समितीने सुचवलेलं हे पंचांग २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र १८७९ ला सुरू झालं. त्याचा चैत्र सूर्यावर चालतो, चंद्रावर नाही. त्यामुळे त्याचा १ चैत्र आणि आपला गुढीपाडवा बहुधा वेगवेगळ्या दिवशी येतात.

आता मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला चला. तिथे खुदावंद खान महदवी याने बांधलेली जुनी दगडी मशीद आहे. तिच्या बांधणीचं साल हिजरी ९९०. हिजरी सन सुरू झाला इ.स. ६२२ मध्ये. तुमच्यातल्या हुशार मंडळींनी एव्हाना बेरीज केलीसुद्धा असेल: ९९० अधिक ६२२ म्हणजे १६१२. पण मशीद बांधली गेली १५८२ मध्ये. तीस वर्षं कुठे गेली?

ती चंद्राने खाल्ली! हिजरी वर्ष नुसतं चंद्रावर चालतं. बारा चांद्रमासांचे दिवस होतात ३५४. सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवस कमी. आपल्या पंचांगातही महिने चांद्रच आहेत, पण आपण दर अडीच-तीन वर्षांनी अधिक मास घालून भरपाई करतो. हिजरीत तसं करत नाहीत. म्हणून तर रमजान ईद कधी उन्हाळ्यात येते, कधी पावसाळ्यात. साधारण तेहेतीस हिजरी वर्षं होतात तेव्हा आपली बत्तीसच झालेली असतात. मग हिशेब असा करायचा: हिजरी सालातून शंभराला तीन या दराने वजा करायचे आणि मग ६२२ मिळवायचे. ९९० मधून ३० गेले, राहिले ९६०. अधिक ६२२. झाले १५८२.

याच रीतीने साखरखेर्ड्याचं साल काढून बघा. तिथे हिजरी ११३७ मध्ये निजाम-उल-मुल्कने मुबारिझ खानाचा पराभव केला आणि गावाचं नाव ठेवलं फतेहखेर्डा. या एका लढाईने दख्खनमध्ये निजामाचं राज्य पक्कं झालं. तुमचं उत्तर १७२५ च्या जवळ आलं असेल, पण लढाई झाली ऑक्टोबर १७२४ मध्ये. कारण हिजरी ११३७ हे साल सप्टेंबर १७२४ ला सुरू होऊन सप्टेंबर १७२५ पर्यंत चाललं, आणि लढाई पहिल्याच महिन्यात, मोहरममध्ये झाली. पुन्हा तीच गोष्ट: महिना कळल्याशिवाय साल पक्कं होत नाही.

रोहिणखेडच्या मशिदीचं १५८२ हे साल मात्र लक्षात ठेवा. त्याच वर्षी युरोपात एक अजब प्रकार घडला. ४ ऑक्टोबरच्या रात्री लोक झोपले आणि सकाळी उठले तेव्हा तारीख होती १५ ऑक्टोबर! पोप ग्रेगरी तेरावे यांनी मधले दहा दिवस कॅलेंडरातून काढून टाकले होते. जुन्या ज्युलियन कॅलेंडरात वर्ष थोडंसं लांब धरलं होतं, त्यामुळे ऋतू आणि तारखा यांची फारकत होत चालली होती. सगळ्या देशांनी हा बदल एकदम मानला नाही. इंग्लंडने तो मानला थेट १७५२ मध्ये, आणि तोपर्यंत अकरा दिवस गाळावे लागले.

याचा आपल्याशी काय संबंध? फार जवळचा आहे. जिजाऊंची जन्मतारीख १२ जानेवारी १५९८ ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची आहे. साक्षीदार आहे खुद्द चंद्र! पौर्णिमा म्हटली की चंद्र पूर्ण हवाच. गणित मागे नेऊन पाहिलं तर त्या वेळची पौर्णिमा जुन्या पद्धतीच्या १२ जानेवारीलाच येते. नव्या पद्धतीने मोजलं तर तोच दिवस २२ जानेवारी ठरतो. शिवरायांच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीखही जुन्या पद्धतीचीच. म्हणून जुन्या मराठी कागदांत तिथी असली की इतिहासकाराचा जीव भांड्यात पडतो. तारखा माणसं बदलतात, चंद्र बदलत नाही.

आता जरा शेतकऱ्याच्या बाजूने विचार करा. हिजरी साल ऋतूंमधून सरकत जातं. मग सरकारने एखाद्या ठरलेल्या हिजरी महिन्यात सारा मागितला आणि त्या वर्षी तो महिना पेरणीच्या दिवसांत आला तर? पीकच घरात नाही, पैसा कुठून देणार? म्हणून हिजरीचेच आकडे घेऊन त्यांना ऋतूंना बांधून टाकलं. त्यातून निघाला फसली सन. फसल म्हणजे पीक. निजामाच्या राज्यात, म्हणजे आपल्या शेजारच्या मराठवाड्यात, तो अगदी विसाव्या शतकापर्यंत कागदोपत्री होता. दक्षिणेतल्या फसलीत ५९० मिळवले की इंग्रजी साल येतं, आणि वर्षाच्या उरलेल्या भागात ५९१. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. आईबाबांनो, जुन्या जमिनीच्या कागदावर ‘१३५७’ पाहून तो सातशे वर्षांपूर्वीचा आहे असं समजू नका!

दुसरा भाऊ सुहूर सन. हा मराठ्यांच्या पत्रांतला लाडका सन. मोडी पत्रात ‘सु॥’ अशी अक्षरं दिसली की समजायचं, सुहूर सन आला. याचं वर्ष सूर्य मृग नक्षत्रात शिरला की सुरू होतं. मृग म्हणजे पेरणीची लगबग, म्हणून याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००.

पण खरी गंमत पुढेच आहे. हे साल आकड्यांत नसतंच! ते अरबी शब्दांत लिहिलेलं असतं, आणि तेही उलटं, एकक आधी. खमस म्हणजे पाच, सबैन म्हणजे सत्तर, अलफ म्हणजे हजार. ‘खमस सबैन व अलफ’ म्हणजे १०७५. त्यात ५९९ मिळवा. १६७४! राज्याभिषेकाचं साल. सांकेतिक भाषाच म्हणा ना. आता एक कोडं तुमच्यासाठी. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया म्हणजे शंभर. एका पत्रावर ‘इहिदे सितैन मया व अलफ’ आहे आणि पत्र जानेवारीतलं आहे. ते कोणत्या साली लिहिलं? उत्तर शेवटी देतो. आधी बघायचं नाही हं.

अशा पत्रांत कधी नुसतं ‘छ २३’ असतं. छ म्हणजे छत्री नव्हे, छ म्हणजे चंद्र. मुसलमानी महिन्याचा तेविसावा चंद्र, म्हणजे तेविसावी तारीख. व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्यांवर ‘सं.’ किंवा ‘संवत’ दिसला तर तो बहुधा विक्रम संवत. त्यातून ५७ वजा करायचे, आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांत ५६.

हे सगळे निदान सन तरी आहेत. त्याहून अवघड काय, सांगू? सनच नसणं. शेजारच्या वाशीमला वाकाटक राजांची एक राजधानी होती, तेव्हाचं नाव वत्सगुल्म. तिथे राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. त्यावर साल आहे ३७. कुठला सदतीस? तर राजाच्या राज्याचं सदतिसावं वर्ष. त्या काळच्या माणसाला तेवढं पुरेसं होतं. राजा कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं की! पण आपण काय करायचं? मग नात्यागोत्यातून वाट काढावी लागते. वाकाटकांच्या दुसऱ्या शाखेत प्रभावतीगुप्ता ही राणी होती, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. गुप्तांची सालं माहीत आहेत. म्हणून सासऱ्याच्या सालावरून जावयाचा काळ, त्यावरून त्याच्या भाऊबंदांचा काळ, असं करत करत यावं लागतं. इतिहासात सोयरीकसुद्धा उपयोगी पडते ती अशी.

आता पुस्तकातल्या अक्षरांकडे वळू. ‘इ.स.’ म्हणजे इसवी सन, इसा म्हणजे येशू ख्रिस्त यांच्या नावाने. ‘इ.स.पू.’ म्हणजे त्याच्या पूर्वी. इंग्रजी पुस्तकात ‘बी.सी.’ आणि ‘ए.डी.’ असतं. ए.डी. म्हणजे ‘आफ्टर डेथ’ असं अनेक मोठी माणसंही सांगतात. तसं असतं तर येशूंच्या हयातीतली वर्षं कोणत्या खात्यात टाकायची? ते लॅटिन शब्द आहेत, ‘अन्नो डोमिनी’, म्हणजे प्रभूच्या वर्षी. ही मोजणी डायोनिसियस नावाच्या साधूने इ.स. ५२५ मध्ये काढली. तोवर आपला शक चारशेहून अधिक वर्षं चालू होता! हल्ली काही पुस्तकांत ‘सी.ई.’ आणि ‘बी.सी.ई.’ दिसतं. तिथे फक्त नाव बदललं आहे, आकडे तेच.

इ.स.पू. मध्ये वर्षं उलटी चालतात, हे विसरू नका. इ.स.पू. ३०० आधी, इ.स.पू. २०० नंतर. आणि मध्ये शून्य साल नाहीच. इ.स.पू. १ संपलं की लगेच इ.स. १. त्यामुळे इ.स.पू. ५ मध्ये जन्मलेलं मूल इ.स. ५ मध्ये दहा वर्षांचं नसतं, नऊच वर्षांचं असतं. राजाच्या नावापुढे ‘कार.’ असेल तर ती वर्षं कारकिर्दीची, आयुष्याची नव्हेत. आणि पुस्तकातला ‘सु.’ म्हणजे सुमारे. मोडी पत्रातला ‘सु॥’ म्हणजे सुहूर. अक्षर एक, अर्थ दोन.

कुणी तुम्हाला नाणं दाखवून म्हणालं, ‘बघ, यावर इ.स.पू. २५० असं कोरलं आहे’, तर ते विकत घ्याल का? जरा थांबून विचार करा. ख्रिस्त अजून जन्मायचे आहेत, आणि नाणं पाडणाऱ्याला मात्र आधीच माहीत की अडीचशे वर्षांनी ते जन्मणार! इ.स.पू. हे साल कुठल्याही जुन्या वस्तूवर नसतं. ते आपण मागाहून लावतो.

मग कशाच्या जोरावर लावतो? त्यासाठी संग्रामपूर तालुक्यातल्या भोन गावी जायला हवं. पूर्णा नदीच्या काठच्या या गावात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी २००० नंतरच्या दशकात उत्खनन केलं. भाजक्या विटांचा बौद्ध स्तूप निघाला, आणि कड्यांच्या विहिरी निघाल्या, म्हणजे मातीची भाजलेली कडी एकावर एक रचून केलेल्या. हा सगळा भाग खारपाणपट्ट्यातला. पाण्याची चिंता तेव्हाच्या लोकांनाही होती म्हणायची. स्तूपाचा काळ सांगतात इ.स.पू. तिसरं शतक, म्हणजे सम्राट अशोकाच्या काळाच्या आसपास.

पाटी नाही, शक नाही, राजाचं नाव नाही. मग तिसरं शतक कुठून आलं? मातीतून. घरातल्या रद्दीचा ढीग आठवा. सर्वांत खाली सर्वांत जुनं वर्तमानपत्र, वर आजचं. जमिनीचे थरही तसेच. कोणत्या थरात कशी खापरं, कशा विटा, कोणतं नाणं, यावरून काळ जुळवतात. कोळशाचा तुकडा मिळाला तर फारच छान. झाड जिवंत असताना हवेतून एक प्रकारचा किरणोत्सारी कार्बन घेत असतं, त्याला कार्बन-१४ म्हणतात. झाड मेलं की तो हळूहळू कमी होतो, ५,७३० वर्षांत निम्मा. किती उरला ते मोजलं की झाड कधी मेलं ते कळतं.

प्रयोगशाळा या मोजणीचं उत्तर ‘बी.पी.’ मध्ये देते. नाही नाही, आजोबांचं बी.पी. नव्हे! ‘बिफोर प्रेझेंट’, म्हणजे आजच्या पूर्वी. पण ‘आज’ तर रोज बदलतो. म्हणून शास्त्रज्ञांनी ‘आज’ कायमचा १९५० सालावर थांबवून ठेवला आहे. त्यानंतर अणुचाचण्यांमुळे हवेतल्या कार्बन-१४ चं प्रमाणच बदलून गेलं. तेव्हा समजा एखाद्या कोळशाचं उत्तर आलं २२०० बी.पी., तर २२०० मधून १९५० वजा करायचे, इ.स.पू. २५० च्या आसपास. हा झाला कच्चा आकडा. झाडांच्या वार्षिक वलयांशी ताडून तो पुढे पक्का करतात.

त्या आकड्यापुढे ‘±’ अशी खूण असते, अधिक-उणे. ती कधीही गाळू नका. आपल्या लोणारचंच बघा. उल्का आदळून झालेल्या या विवराचं वय एका पद्धतीने निघालं ५२,००० वर्षं, अधिक-उणे ६,०००. पुढे २०११ मध्ये आर्गॉन वायूवर आधारलेल्या पद्धतीने निघालं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं, अधिक-उणे ४७,०००. दहापटीहून जास्त फरक! म्हणून लोणारच्या वयाचा आकडा कुणी सांगितला तर विचारा, कोणत्या पद्धतीने काढला? अनेक पुस्तकांत अजून पहिलाच आकडा छापलेला असतो.

आता लक्षात आलं ना, की सालाचं कोडं सुटतं ते वस्तू जिथे सापडली त्या जागेमुळे? म्हणून शेत नांगरताना, विहीर खणताना तुम्हाला जुनं नाणं मिळालं तर ते चिंचेने किंवा लिंबाने घासू नका. नाणं चकचकीत होईल, पण त्यावरचा पुसट हिजरी आकडाही निघून जाईल. तो वाचायला आधीच कठीण असतो. त्या लिपीत शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि पाचाचा आकडा आपल्या शून्याच्या जवळ जाणारा. जागा कोणती, किती खोल, सोबत काय होतं, ते वहीत लिहून ठेवा आणि मोठ्यांना सांगा. १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन मिळालं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला हवं.

भोनची गोष्ट मात्र एका नाण्याएवढी सोपी नाही. पूर्णा नदीवरच्या जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात ही जागा येते. खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला गोडं पाणी हवंय, ते कुणी नाकारणार नाही. स्तूपाच्या विटा क्रमांक घालून दुसरीकडे नेऊन पुन्हा रचता येतील. अशी मागणी झालीही आहे. पण थर कसे उचलणार? कोणती वीट कोणत्या खापराखाली होती, हे त्या मातीतच लिहिलेलं आहे. जेवढं खणून नोंदवलं तेवढंच हाती राहील, बाकीचं पाण्याखाली.

अरे हो, कोड्याचं उत्तर राहिलंच. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. पत्र जानेवारीतलं, म्हणून ५९९ नव्हे, ६०० मिळवायचे. १७६१. याच जानेवारीच्या १४ तारखेला पानिपतची लढाई झाली.